४,२९,४९,६७,२९७ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही संख्या वाचायची कशी?

चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. दहा अंक, शेवटचा अंक ७, म्हणजे विषम.

दहा अंकी संख्या नऊ अब्ज आहेत. मग हिच्यातच एवढं काय?

ही संख्या म्हणजे २ चा ३२वा घात अधिक १. खाली घात लिहिताना मी २^३२ अशी खूण वापरतो.

१६४० च्या सुमारास पिएर द फर्मा या फ्रेंच गणितीनं एक यादी मांडली. २ चा घात घ्यायचा, पण घातांक स्वतःही २ चाच घात हवा : १, २, ४, ८, १६, ३२... आणि प्रत्येक उत्तरात १ मिळवायचा. यादी अशी होते : ३, ५, १७, २५७, ६५,५३७ आणि मग एकदम ४,२९,४९,६७,२९७. पहिल्या पाचही संख्या मूळ आहेत. फर्माचं म्हणणं होतं की पुढच्याही सगळ्या मूळच असणार. सिद्धता त्याच्याकडे नव्हती. त्याचा अंदाज चुकला, आणि चुकला तो नेमका इथे, त्या पाचांनंतरच्या पहिल्याच पायरीवर. या यादीतल्या संख्यांना आज फर्मा संख्या म्हणतात. मोजणी शून्यापासून करतात, म्हणून ३ ही शून्यावी आणि आपली संख्या पाचवी.

म्हणजे ही मूळ संख्या नाही?

नाही. ४,२९,४९,६७,२९७ = ६४१ × ६७,००,४१७. हे दोन्ही अवयव मात्र मूळ आहेत.

कागदावर ताळा करायचा तर ६७,००,४१७ ची ६०० पट ४,०२,०२,५०,२००, ४० पट २६,८०,१६,६८० आणि एक पट ६७,००,४१७. तिन्हींची बेरीज करा, संख्या जशीच्या तशी मिळते.

हे अवयव लेओनहार्ड ऑयलर या स्विस गणितीनं १७३२ मध्ये जाहीर केले. फर्माच्या या दाव्याकडे त्याचं लक्ष वेधलं होतं ख्रिस्तियान गोल्डबाखनं, १७२९ च्या डिसेंबरातल्या एका पत्रातून.

एवढा मोठा गुणाकार न करता ६४१ नं भाग जातो हे पटवता येईल का?

येईल, आणि दोन तऱ्हांनी.

पहिली तऱ्हा सरळ वर्ग करत जाण्याची. २^८ म्हणजे २५६. त्याचा वर्ग ६५,५३६, म्हणजे २^१६. याला ६४१ नं भागलं की १०२ वेळा भाग जाऊन बाकी १५४ उरते. आता पूर्ण संख्येचा वर्ग करायची गरज नाही, बाकीचा वर्ग पुरतो : १५४ × १५४ = २३,७१६. ६४१ × ३६ = २३,०७६. बाकी ६४०. म्हणजे २^३२ ला ६४१ नं भागल्यावर ६४० उरतात. त्यात १ मिळवला की पूर्ण भाग जातो. दोन भागाकार, बस्स.

दुसरी तऱ्हा जास्त देखणी आहे. ६४१ दोन प्रकारे लिहिता येतो :

६४१ = ५ × २^७ + १
६४१ = ५^४ + २^४

पहिल्या ओळीवरून कळतं की ६४१ नं भागल्यावर ५ × २^७ ची बाकी −१ आहे, म्हणजे पूर्ण भाग जायला १ कमी पडतो. चौथा घात घेतला की ५^४ × २^२८ ची बाकी १ होते. दुसरी ओळ सांगते की ५^४ च्या जागी −२^४ ठेवलं तरी बाकी बदलत नाही. ठेवून पाहा : −२^३२ ची बाकी १, म्हणजेच २^३२ + १ ची बाकी ०. इथे चार अंकी संख्यासुद्धा लागली नाही. ६४१ आधीच माहीत असल्यावर हे सगळं सोपं दिसतं, हे खरं. खरा प्रश्न पुढचा आहे.

पण ६४१ शोधला कसा? एकेक मूळ संख्या लावून पाहिली?

तसं केलं असतं तरी चाललं असतं. ६४१ ही ११६वी मूळ संख्या आहे, म्हणजे आधीचे ११५ भागाकार फुकट गेले असते आणि ११६वा लागला असता. चिकाटी असेल तर एकदोन दिवसांचं काम.

ऑयलरचा रस्ता मात्र फार जवळचा आहे. समजा प ही मूळ संख्या आपल्या संख्येला भागते. मग २^३२ ला प नं भागल्यावर बाकी −१ येते आणि २^६४ ला भागल्यावर १. म्हणजे २ चे घात करत गेलं तर बाकी १ पहिल्यांदा येते ती बरोबर ६४व्या घाताला, त्याआधी नाही. आधी आली असती, तर ती ६४ च्या एखाद्या लहान विभाजकाला, म्हणजे ३२ किंवा त्याहून लहान घाताला आली असती, आणि मग ३२व्या घाताला बाकी १ यायला हवी होती, −१ नव्हे. आता फर्माचंच एक प्रमेय सांगतं की २ च्या (प − १)व्या घाताची बाकी १ असते. म्हणून प − १ ला ६४ नं भाग गेलाच पाहिजे.

म्हणजे उमेदवार फक्त ६४ च्या पटीत एक मिळवून होणारे : ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१. यातल्या मूळ संख्या पाचच : १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. पाचव्या भागाकाराला काम फत्ते.

एदुआर ल्युकानं १८७८ मध्ये हा नियम आणखी आवळला : ६४ नव्हे, १२८ च्या पटीत एक मिळवलेलेच अवयव शक्य आहेत. मग ६४१ पर्यंतचे मूळ उमेदवार दोनच राहतात, २५७ आणि ६४१.

मग फर्मानं हे का केलं नाही?

कुणालाच नक्की सांगता येणार नाही, पण मला हा प्रश्न या संख्येबद्दलचा सगळ्यात मजेशीर प्रश्न वाटतो. कारण वर वापरलेलं प्रमेय त्याचंच, आणि तेही त्याच वर्षीचं, १६४० चं. हत्यार हातात होतं, पाच भागाकारांचं काम होतं. एक शक्यता अशी की त्यानं भागाकार केले आणि कुठेतरी आकडेमोड चुकली. दुसरी अशी की नमुना इतका सुबक होता की तपासायची गरजच वाटली नाही. मला दुसरी जास्त पटते. पण तो निव्वळ माझा कल.

एक गोष्ट मात्र मोजून सांगता येते. मोठ्या संख्येचे अवयव काढायची फर्माची स्वतःची एक पद्धत आहे : संख्या दोन वर्गांच्या वजाबाकीच्या रूपात लिहायची. संख्येच्या वर्गमूळाच्या लगेच वरच्या पूर्णांकापासून सुरुवात करायची आणि एकेक पुढे सरकत पाहायचं की (त्या पूर्णांकाचा वर्ग − आपली संख्या) हा पूर्ण वर्ग येतो का. इथे सुरुवात ६५,५३७ पासून. उत्तर येतं ते ३३,५०,५२९ वर :

३३,५०,५२९² − ३३,४९,८८८² = ४,२९,४९,६७,२९७

म्हणजे ३२,८४,९९३ पायऱ्या. दोन्ही अवयव एकमेकांच्या जवळ असले की ही पद्धत झटपट चालते. इथे एक तीन अंकी आणि दुसरा सात अंकी. या पद्धतीवर विसंबणाऱ्याचं आयुष्य त्यात सरलं असतं.

६७,००,४१७ मूळ आहे हे कशावरून?

त्याचं वर्गमूळ २५८८ च्या थोडं वर आहे. म्हणजे २५८८ पर्यंतच्या मूळ संख्या तपासल्या की झालं. त्या ३७६ आहेत, पण सगळ्या नकोत. ६७,००,४१७ चा कोणताही मूळ अवयव हा आपल्या संख्येचाही अवयव असणार, तेव्हा तो १२८ च्या पटीत एक मिळवलेलाच हवा. तसे मूळ उमेदवार २५८८ पर्यंत पाच सापडतात : २५७, ६४१, ७६९, ११५३, १४०९. बाकीचे (१२९, ३८५, ५१३, ८९७, १०२५ वगैरे) संयुक्त आहेत.

२५७ स्वतः फर्मा संख्या आहे आणि कोणत्याही दोन फर्मा संख्यांचा मसावि १ असतो, म्हणून तो बाद. उरले चार :

६४१ × १०,४५३ = ६७,००,३७३, बाकी ४४
७६९ × ८७१३ = ६७,००,२९७, बाकी १२०
११५३ × ५८११ = ६७,००,०८३, बाकी ३३४
१४०९ × ४७५५ = ६६,९९,७९५, बाकी ६२२

चौघांनीही भाग जात नाही. सात अंकी संख्या मूळ असल्याची सिद्धता चार भागाकारांत मिळणं ही चैन रोज मिळत नाही. साध्या मोबाइलवर दोन मिनिटांत स्वतः करून पाहा.

विभाजक किती? त्यांची बेरीज किती?

चार : १, ६४१, ६७,००,४१७ आणि संख्या स्वतः. चौघांची बेरीज ४,३०,१६,६८,३५६. स्वतःला वगळलं तर उरतात ६७,०१,०५९, संख्येच्या मानानं अगदीच किरकोळ. परिपूर्ण संख्येत ही बेरीज संख्येइतकीच येते. त्यामुळे ही परिपूर्ण संख्या नाही, अपूर्ण आहे.

तिच्यापेक्षा लहान आणि तिच्याशी सहमूळ अशा संख्या ६४० × ६७,००,४१६ = ४,२८,८२,६६,२४०.

पूर्ण वर्ग, घन, त्रिकोणी संख्या, फिबोनाची संख्या, यातलं काही आहे का?

काहीच नाही. ६५,५३६ च्या वर्गापेक्षा ती बरोबर १ नं मोठी आहे, त्यामुळे वर्ग असणं शक्यच नाही. १६२५ चा घन ४,२९,१०,१५,६२५ आणि १६२६ चा ४,२९,८९,४२,३७६, ही मध्ये पडते. त्रिकोणी संख्येला ९ नं भागल्यावर बाकी ०, १, ३ किंवा ६ यावी लागते, हिची येते ५. फिबोनाचीच्या मालिकेत २,९७,१२,१५,०७३ च्या पुढे एकदम ४,८०,७५,२६,९७६ आहे.

दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येते का?

येते, आणि या संख्येतला सगळ्यात रसाळ भाग हाच आहे.

एक रूप तर डोळ्यांसमोरच आहे : ६५,५३६² + १². पण दुसरंही आहे :

६२,२६४² + २०,४४९² = ३,८७,६८,०५,६९६ + ४१,८१,६१,६०१ = ४,२९,४९,६७,२९७

मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असेल तर ती एकाच तऱ्हेनं असते. इथे दोन तऱ्हा निघाल्या, म्हणजे अवयव माहीत नसतानाही संख्या संयुक्त ठरली.

हे दुसरं रूप येतं कुठून? ब्रह्मगुप्तानं इ. स. ६२८ मध्ये ब्राह्मस्फुटसिद्धान्तात दिलेल्या एका सूत्रातून. त्याचं सूत्र जास्त व्यापक आहे, आपल्याला लागणारं रूप असं :

(अ² + ब²)(क² + ड²) = (अक + बड)² + (अड − बक)²
(अ² + ब²)(क² + ड²) = (अक − बड)² + (अड + बक)²

आता आपले दोन अवयव घ्या. ६४१ = २५² + ४². ६७,००,४१७ = २५५६² + ४०९². म्हणजे अ = २५, ब = ४, क = २५५६, ड = ४०९. लागणारे गुणाकार चार :

२५ × २५५६ = ६३,९००
४ × ४०९ = १६३६
२५ × ४०९ = १०,२२५
४ × २५५६ = १०,२२४

पहिल्या दोघांची बेरीज ६५,५३६ आणि शेवटच्या दोघांची वजाबाकी १. हेच ते ओळखीचं रूप. उलट केलं, म्हणजे पहिल्या दोघांची वजाबाकी आणि शेवटच्या दोघांची बेरीज घेतली, की ६२,२६४ आणि २०,४४९. दहा हजारांच्या घरातल्या दोन गुणाकारांत फक्त एकाचा फरक पडतो, आणि त्या एकाच्या फरकावर २^३२ + १ मधला १ उभा आहे. हे पहिल्यांदा करून पाहताना मी थबकलो होतो.

दोन रूपं हातात असतील तर त्यावरून अवयव काढता येतात?

हो, ही ऑयलरची पद्धत. दोन्ही रूपांतल्या सम संख्या घ्या, ६५,५३६ आणि ६२,२६४. वजाबाकी ३२७२, बेरीज १,२७,८००. विषम संख्या १ आणि २०,४४९. वजाबाकी २०,४४८, बेरीज २०,४५०.

वजाबाक्यांचा मसावि : ३२७२ आणि २०,४४८ चा ८.
बेरजांचा मसावि : १,२७,८०० आणि २०,४५० चा ५०.

दोन्हींचे निम्मे करा, ४ आणि २५. त्यांच्या वर्गांची बेरीज १६ + ६२५ = ६४१. अवयव हातात.

सलग येणाऱ्या संख्यांची बेरीज म्हणून?

तीन तऱ्हांनी. दोन संख्या : २,१४,७४,८३,६४८ + २,१४,७४,८३,६४९. सलग ६४१ संख्या : ६७,००,०९७ पासून ६७,००,७३७ पर्यंत. सलग १२८२ संख्या : ३३,४९,५६८ पासून ३३,५०,८४९ पर्यंत. चौथी तऱ्हा धन संख्यांत नाही.

माझ्या प्रोग्रामनं ही मूळ संख्या असल्याचं सांगितलं. चूक कुठे?

बहुतेक तुमच्या प्रोग्रामात फर्माची कसोटी आहे आणि पाया २ घेतला आहे. कसोटी अशी : संख्या मूळ असेल तर २ चा (संख्या − १)वा घात तिनं भागल्यावर बाकी १ यायला हवी. आपल्या संख्येत २^३२ ची बाकी −१, म्हणून २^६४ ची १, आणि संख्या − १ म्हणजे २^३२ ही तर ६४ च्या पटीतच आहे. तेव्हा बाकी १ येणारच. प्रत्येक फर्मा संख्या, मूळ असो वा संयुक्त, ही कसोटी पार करते. पाया २ घेऊन याच कसोटीची जास्त कडक आवृत्ती लावली तरी ती हिला पकडू शकत नाही.

पाया ३ घ्या. झां पेपाँनं १८७७ मध्ये दाखवलं की ३ नंतरची कोणतीही फर्मा संख्या मूळ असते ती तेव्हाच, जेव्हा ३ चा (संख्या − १) ÷ २ वा घात बाकी −१ देतो. इथे ३ चा ३१ वेळा वर्ग करावा लागतो, प्रत्येक वेळी बाकी काढत. शेवटी उरतात १,०३,२४,३०३. यायला हवे होते ४,२९,४९,६७,२९६. आणखी एकदा वर्ग केला की ३,०२,९०,२६,१६० उरतात, म्हणजे पाया ३ ची साधी कसोटीही नापास. एवढ्यानं संख्या संयुक्त आहे हे पक्कं होतं, पण अवयव कोणते याचा पत्ता लागत नाही. मोठ्या संख्यांच्या बाबतीत ही रोजचीच परिस्थिती असते.

माझा प्रोग्राम पाया २ ला १ ऐवजी ० दाखवतो!

तेही शक्य आहे, आणि कारण गमतीचं आहे. ६४ बिटांच्या बिनचिन्ह पूर्णांकात मावणारी सगळ्यात मोठी संख्या २^६४ − १. आपल्या संख्येनं भागल्यावर मिळणारी सगळ्यात मोठी बाकी २^३२, आणि तिचा वर्ग बरोबर २^६४. फक्त एकानं बाहेर! दुसऱ्या कोणत्याही बाकीचा वर्ग मावतो, ही एकच बाकी मावत नाही. आणि २ चा वर्ग करत गेलात की २, ४, १६, २५६, ६५,५३६ आणि मग नेमकी हीच बाकी समोर येते. वर्ग मावला नाही, ६४ बिटांत शून्य उरलं, पुढचे सगळे वर्ग शून्य. गुणाकारासाठी १२८ बिटांचा प्रकार वापरा, किंवा पायथनसारखी भाषा घ्या, तिथे पूर्णांकांना अशी कमाल मर्यादाच नाही.

संगणकात ही संख्या १ का होते?

३२ बिटांत ० पासून ४,२९,४९,६७,२९५ पर्यंतच्या संख्या मावतात, एकूण २^३२. आपली संख्या द्विमान पद्धतीत १, मग ३१ शून्यं, मग १, अशी ३३ अंकांची आहे. सगळ्यात डावीकडचा १ बाहेर पडला की मागे १ उरतो. जावास्क्रिप्टमध्ये बिटांच्या क्रिया ३२ बिटांवर चालतात, तिथे हेच दिसतं. मात्र तिथल्या साध्या बेरीज-गुणाकारात ती बिनचूक टिकते, कारण ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंतचे सगळे पूर्णांक तिथे अचूक साठवले जातात.

सोळा पायाच्या अंकपद्धतीत ती १००००००००१ अशी दिसेल असं वाटू शकतं. नाही, एक शून्य कमी : १०००००००१. दोन्ही टोकांना १ आणि मध्ये नुसती शून्यं असं रूप २, ४, १६, २५६ आणि ६५,५३६ या पाचही पायांत टिकतं, म्हणून या पायांत ती उलटसुलट सारखीच वाचता येते. आठच्या पायात नाही टिकत, तिथे ती ४०००००००००१ होते, कारण ३२ ला ३ नं भाग जात नाही.

शेजारच्या संख्या कशा आहेत?

शेजार मोठा खानदानी आहे. एकानं मागे २^३२. दोननं मागे ४,२९,४९,६७,२९५, आणि तिचे अवयव पाहा : ३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७. आधीच्या पाचही फर्मा संख्यांचा गुणाकार! हा योगायोग नाही. कोणतीही फर्मा संख्या तिच्या आधीच्या सगळ्यांच्या गुणाकारापेक्षा २ नं मोठी असते. दोन फर्मा संख्यांत सामाईक अवयव का नसतो तेही इथेच कळतं : असा अवयव असता तर त्यानं २ ला भागलं असतं, आणि या संख्या तर सगळ्या विषम आहेत. गोल्डबाखनं हे १७३० मध्ये लिहिलं. यावरून मूळ संख्या अनंत आहेत हेही सिद्ध होतं, कारण प्रत्येक फर्मा संख्या किमान एक नवी मूळ संख्या घेऊन येते.

सगळ्यात जवळच्या मूळ संख्या ४,२९,४९,६७,२९१ आणि ४,२९,४९,६७,३११.

एवढ्या बाजूंचा सुसम बहुभुज पट्टी आणि कंपासनं काढता येईल?

कागद कुठून आणणार हा प्रश्न सोडून द्या. तत्त्वतः विचाराल तर नाही. कार्ल फ्रीडरिश गाउसनं १७९६ मध्ये १७ बाजूंचा सुसम बहुभुज शक्य असल्याचं दाखवलं, आणि नंतर नियम दिला : बाजूंच्या संख्येत २ चे कितीही घात चालतील, विषम मूळ अवयव मात्र फक्त फर्मा मूळ संख्या हव्यात, आणि प्रत्येक एकदाच. याखेरीज दुसरे बहुभुज शक्य नाहीत हे पियर वांट्झेलनं १८३७ मध्ये सिद्ध केलं. ६४१ ही फर्मा संख्या नाही, तेव्हा आपली संख्या बाद.

एकानं मागची चालते, कारण ती २ चा घात. दोननं मागचीही चालते, आणि ज्यांची रचना शक्य असल्याचं माहीत आहे अशा विषम बाजूंच्या बहुभुजांत तीच सगळ्यात मोठी आहे. ६५,५३७ बाजूंच्या रचनेचं लेखी काम योहान हेर्मेसनं १८९४ मध्ये संपवलं. दहाएक वर्षं त्यात गेली. अशा कामाला वाहून घेणाऱ्याबद्दल आदर बाळगावा की काळजी करावी, मला ठरवता आलेलं नाही.

कुणी हे अवयव तोंडी काढले होते का?

झेरा कोलबर्न या अमेरिकन मुलाची अशी नोंद आहे. १८१२ मध्ये, आठ वर्षांचा असताना, लंडनमध्ये त्याला ही संख्या देण्यात आली आणि त्यानं ६४१ × ६७,००,४१७ असं सांगितलं. अंकगणितात अवघड असं यात फार नाही, ६४१ तसा लवकर येतो. पण डोक्यातल्या डोक्यात एवढे भागाकार धरून ठेवणं वेगळं.

गुप्तलेखनात हिचा उपयोग होतो का?

सरावासाठी होतो. आरएसए पद्धतीत दोन मूळ संख्यांचा गुणाकार जाहीर करतात आणि अवयव लपवतात. इथे अवयव सगळ्या जगाला पाठ आहेत, तेव्हा खरं गुपित ठेवायला ही निरुपयोगी. सरावात संदेश गुप्त करण्यासाठी त्याचा जो घात घेतात तो घातांक ३ घेऊ नका, तो चालणार नाही, कारण वर आलेल्या ४,२८,८२,६६,२४० ला ३ नं भाग जातो. ६५,५३७ चालतो. प्रत्यक्षातही आरएसएमध्ये बहुतेक ठिकाणी हाच घातांक असतो.

हिच्या पुढच्या फर्मा संख्यांचं काय झालं?

सहावी १८४४६७४४०७३७०९५५१६१७ = २,७४,१७७ × ६७२८०४२१३१०७२१. टोमास क्लाउसेनला हे १८५५ मध्ये माहीत होतं, फोर्च्युने लांद्रीनं १८८० मध्ये स्वतंत्रपणे काढलं. सातवीचे अवयव मिळायला १९७० उजाडलं. पाचवीपासून बत्तिसावीपर्यंतच्या सगळ्या संयुक्त ठरल्या आहेत. विसावी आणि चोविसावी संयुक्त आहेत हे पक्कं, पण दोघींचा एकही अवयव हाती लागलेला नाही. तेहेतिसावीबद्दल काहीच ठरलेलं नाही, तिला सुमारे २५८ कोटी अंक आहेत. पहिल्या पाचांपलीकडे एकही मूळ फर्मा संख्या आजवर सापडलेली नाही, आणि पुढे एकही नाही हेही कुणी सिद्ध केलेलं नाही.

या संख्या नेहमी ७ नंच का संपतात?

१७ पासून पुढच्या सगळ्या. शेवटचे दोन अंक १७, ५७, ३७, ९७ या चक्रात फिरतात, कारण पुढची संख्या काढताना १ वजा करून वर्ग करायचा आणि १ मिळवायचा : १६ चा वर्ग २५६, म्हणून ५७, पुढे ५६ चा ३१३६, म्हणून ३७. आपली ९७ वाली.

टाइप करताना अंक चुकला तर ओळखायचं कसं?

अंकांची बेरीज ५९ येते का ते पाहा. मग ७, ९ आणि ११ नं भागा, तिन्ही वेळा बाकी ५ यायला हवी. ९ नं दोन शेजारच्या अंकांची अदलाबदल पकडली जात नाही, ११ नं पकडली जाते. घाई असेल तर नुसतं ६४१ नं भागा.